मदत हवी आहे: ऊसतोडीला गाव रिकामं होतं, रात्रीची राखण पोलिसांच्या सोबतीनं कशी करायची?

बालाघाटची_लेक:

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव आहे. ठाणं लांब, रस्ता घाटाचा. दसरा-दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरं कोयत्यावर जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मागं राहतं ते कुलूप, नाहीतर एखादी म्हातारी, दोन नातवंडं आणि दावणीला शेळ्या. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परत येईपर्यंत पाडवा जवळ येतो.

चोरांना हे वेळापत्रक पाठ झालंय. गेल्या हंगामात विहिरीवरच्या मोटारी गेल्या, तांब्यासाठी केबल कापून नेली, बंद घरातून सोयाबीनचे कट्टे गेले. एका आजीच्या गळ्यातलं डोरलं तिच्या डोळ्यांदेखत ओढलं. मोटारीचा मालक तिकडं फडात, मग तक्रार देणार कोण? त्यामुळं बऱ्याच चोऱ्यांची नोंदच होत नाही. नोंद नाही म्हणून ठाण्याच्या कागदावर आमच्या गावात काही घडतच नाही.

शेवटी पोरांनी गस्त सुरू केली. हेतू चांगलाच होता. पण एका पहाटे, अंधार असतानाच, वेशीजवळ कंदील घेतलेला माणूस दिसला. पोरांनी घेरलं, "कुठला? कामून आला?" म्हणत ढकललं. तो पिंगळा होता, पहाटे कंदील घेऊन दारोदार दाणे मागणारा. काच फुटली, झोळीतले दाणे रस्त्यावर सांडले आणि तो हात जोडून नुसता उभा राहिला. आवाज ऐकून समोरची आजी बाहेर आली. "आरं, दरसाल येतंय हे लेकरू माझ्या दारी, याच्या बापालाबी मी दाणे घातलेत," म्हणत ती मधी पडली म्हणून पुढचं टळलं. ती नसती आली तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, बचत गटाचं कामही बघते. मला गस्त बंद करायची नाही, घरं राखायलाच हवीत. पण ती पोलिसांना सोबत घेऊन, नियमात व्हावी. सुरुवात कुठून करू? आमच्या गावचं पोलीस पाटलाचं पद रिकामं आहे, शेजारगावच्या पाटलांकडं चार्ज आहे. ओळखपत्र मिळतं का? अनोळखी माणूस दिसला तर पोरांना नेमका किती अधिकार? आणि हंगामात गावात बायाच जास्त उरतात, तर त्यांना यात घेता येईल का?

जुना_फौजदार:

ताई, माझी बरीच नोकरी मराठवाड्यातच झाली. जे माहीत आहे ते सांगतो.

तुमच्या पोरांच्या मागं आज कोणताच कागद नाही, तो आधी करा. ग्राम सुरक्षा दल स्थापन करण्याचा ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. ठाणेदारांच्या नावानं अर्ज, सोबत पोरांची यादी, पत्ते आणि मोबाईल नंबर. ठाण्याकडून नावांची पडताळणी होऊ द्या आणि ठाण्याच्या सहीशिक्क्याची ओळखपत्रं मागा. मारामारीचे गुन्हे असलेला किंवा संध्याकाळी पिणारा पोरगा यादीत नको, मग तो सरपंचाचा पुतण्या का असेना. हातात काठी, शिट्टी, बॅटरी, एवढंच. कत्ती-कुऱ्हाड घरी. शाळेत किंवा चावडीत गस्तीची वही ठेवा, रोज कोण फिरलं ते लिहा आणि बीट अंमलदार, म्हणजे तुमच्या भागाचे पोलीस, आले की त्यांची सही घ्या. या वहीमुळं साहेब बदलून गेले तरी नव्या साहेबांना तुमचं काम दाखवता येतं.

आता अधिकाराचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ४० प्रमाणे साध्या नागरिकाला कोणाला धरता येतं ते फक्त दोन वेळा: समोरच अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा घडला तर, किंवा तो माणूस कोर्टानं जाहीर केलेला फरारी असेल तर. धरला तरी विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. नुसत्या संशयावरून धरता येत नाही. तुमच्या पिंगळ्याला हात लावायचा कोणालाच अधिकार नव्हता.

अनोळखी दिसला तर अंतर ठेवून नाव-गाव विचारा, कोणाकडं आला ते विचारा, गावातल्या एका वडीलधाऱ्याला उठवा आणि ११२ किंवा ठाण्याला फोन करा. बांधायचं नाही, झोळी उपसायची नाही, मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकायचं तर अजिबात नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. तिथंही अफवा मोबाईलवरूनच पसरली होती. पोरांना ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा असल्या कारणावरून खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) खाली त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे, हेही सांगा.

पूर्णाकाठ:

ताई, मी परभणी जिल्ह्यात पोलीस पाटील आहे. रिकाम्या पदाबद्दल: महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा आहे आणि नेमणूक प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागीय अधिकारी करतात. तेव्हा ग्रामपंचायतीचा मागणी अर्ज तिकडं द्या, ठाण्यात फक्त प्रत. तोवर चार्ज असलेल्या पाटलांना मोकळं सोडू नका, हंगामापुरतं आठवड्यातून एकदा गावात बसायला सांगा.

आमच्याकडं एक काम फार उपयोगी पडलं. माणसं फडावर निघायच्या आधी बंद राहणाऱ्या घरांची यादी करतो. घरमालकाचा मोबाईल, मुकादमाचा मोबाईल, कारखाना कोणता, किल्ली कोणाकडं. एक प्रत बीट अंमलदारांना, एक माझ्याकडं. ही यादी ग्रुपवर मात्र कधीही टाकू नका, चोराला आयतीच मिळेल. मोटारीच्या पाटीचा फोटो आणि पावती एकत्र ठेवा, बॉडीवर नाव कोरून घ्या. चोरीचा माल सापडला तरी ओळख पटत नाही म्हणून पडून राहतो.

आणि तक्रार मालकानंच द्यावी असं काही नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर ज्याला माहिती आहे तो कोणीही देऊ शकतो, शेजारीसुद्धा. मालकाला स्वतः द्यायची असेल तर तो कारखान्याजवळच्या ठाण्यात जाऊन झिरो एफआयआर देऊ शकतो, ती पुढं आपल्या ठाण्याकडं वर्ग होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

पिंगळे, जोशी, मसणजोगी दरसाल ठरलेल्या वेळी येतात. पाल टाकून उतरणाऱ्यांनी पोलीस पाटलाकडं किंवा ठाण्यात नोंद करायची जुनी रीत आहे. ती गोडीनं चालू करा, दरडावून नाही.

ज्वारीचं_कणीस:

११२ बद्दल एक. हा फोन आपल्या ठाण्यात नाही, राज्याच्या मध्यवर्ती कक्षात लागतो. समोरच्याला तुमची वाडी माहीत नसते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि घाटातली खूण सांगा. आमच्याकडं आज्यांच्या मोबाईलच्या मागं हे चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय.

बालाघाटची_लेक:

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. फौजदार काका, राईनपाड्याचं मी पोरांना वाचून दाखवणार. तक्रार शेजाऱ्यालाही देता येते हे तर आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं.

बायांचं तेवढं राहिलं. त्यांना रात्री फिरवायचा माझा विचार नाही, पण दिवसा गल्लीत कोण आलं-गेलं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. अडचण अशी की ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की बाया घाबरतात. "मायबाई, आपलं तिथं काय काम" असं म्हणतात.

जुना_फौजदार:

बायांना घ्याच, कुठलाही नियम आड येत नाही. प्रत्येक गल्लीतून एक बाई ठरवा, तिच्याकडं ठाण्याचा आणि बीट अंमलदारांचा नंबर द्या. ठाण्यातल्या महिला अंमलदारांना बचत गटाच्या बैठकीला बोलवा, लेखी पत्र द्या म्हणजे त्यांनाही वेळ काढता येतो.

भीती घालवायला २ जानेवारीचा मुहूर्त आहे. १९६१ साली त्या दिवशी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, म्हणून २ ते ८ जानेवारी रेझिंग डे, म्हणजे पोलीस स्थापना दिनाचा, सप्ताह असतो. शाळेची मुलं ठाणं बघायला नेतात, हत्यारं, वायरलेस सगळं दाखवतात. तुमच्या गावच्या हंगामी वसतिगृहातली मुलं न्या आणि त्यांच्यासोबत आज्यांनाही न्या. त्यांचे आईबाप तेव्हा फडातच असतील.

पूर्णाकाठ:

ताई, २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोडू नका, त्यानंतर माणसं पांगतात. तिच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, विषय तिथूनच वर आणा. आमच्या ठरावाचा मजकूर देतो, बदल करून वापरा:

"ऊसतोड हंगामात गावातील बंद घरे, शेतातील मोटारी व मागे राहणारे वृद्ध आणि मुले यांच्या सुरक्षिततेसाठी पोलीस ठाण्याच्या मार्गदर्शनाखाली ग्राम सुरक्षा दल स्थापन करण्यात यावे. दलात प्रत्येक गल्लीतील एका महिलेचा समावेश असावा. दलातील कोणीही संशयिताला मारहाण करणार नाही. संशयित दिसल्यास दल तात्काळ पोलिसांना कळवेल. गावात दरसाल येणाऱ्या भिक्षेकरी व भटक्या समाजातील व्यक्तींना त्रास होणार नाही याची जबाबदारी दलाची राहील."

ठाण्यात देताना दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊनच परत या.