दोन लेगचे वर्ल्डकप प्लेऑफ: तुम्ही पाहिलेले, भोगलेले

वर्ल्डकपच्या तिकिटासाठी होणारे दोन लेगचे (एक मॅच घरी, एक समोरच्याच्या देशात, गोल दोन्हींचे मिळून) प्लेऑफ आता फारसे उरले नाहीत, युरोपात तर २०१७ नंतर बंदच. मला ते लय आवडायचे. पहिली मॅच हरायची आणि मग दुसरीपर्यंत अवे गोलची (एकूण बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल मारलेला पुढे) आकडेमोड करत बसायचं. तुमच्या आठवणी असतील तर लिहा, मैदानातल्या, टीव्हीवरच्या, कसल्याही.

बहारीनवाला
मी मनामाला नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. ऑफिसात मल्याळी मंडळी जास्त, त्यामुळे फुटबॉलचं वेड आयतंच लागलं. २००५ ला बहारीन त्रिनिदादमध्ये १-१ करून आलं, म्हणजे घरच्या मॅचला ०-० सुद्धा चाललं असतं, लोक जर्मनीच्या (२००६ चा वर्ल्डकप तिथे होता) गप्पा मारायला लागले होते. आणि त्रिनिदादच्या ड्वाइट यॉर्कच्या कॉर्नरवर डेनिस लॉरेन्सने डोकं लावलं, संपलं सगळं. २००९ ला परत तेच! न्यूझीलंडशी घरी ०-०, मग महिनाभर वाट बघायची आणि वेलिंग्टनला दुसरी मॅच. आमच्याकडे शनिवार सकाळ, सुट्टी. हाफटाइमच्या तोंडावर न्यूझीलंडच्या रोरी फॅलनचा हेडर, परत कॉर्नरवरूनच. पण सेकंड हाफला बहारीनला पेनल्टी मिळाली आणि १-१ झालं असतं तर अवे गोलवर बहारीन गेलं असतं ना, खालच्या करक चहावाल्याचा पोरगा हातात किटली तशीच घेऊन टीव्हीसमोर येऊन उभा राहिला, बाहेर गाड्या हॉर्न मारतायत तरी ढिम्म हलेना. सय्यद अदनानने इतकी मिळमिळीत किक मारली की त्यांचा गोलकीपर पॅस्टनने आरामात धरली. पोरगा काही न बोलता चहा द्यायला गेला.

सिडनीची काकू
२००५, ऑस्ट्रेलिया-उरुग्वे, मी स्टेडियममध्ये होते!! मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, यांच्या ऑफिसातून तिकिटं मिळाली म्हणून गेलो. ८० हजारांवर माणसं. माँटेव्हिडिओला १-० हरून आले होते, इथे ब्रेशियानोने गोल मारला, मग एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्ट्या. उरुग्वेच्या राष्ट्रगीताला लोकांनी हुर्यो केली ते मात्र अजिबात आवडलं नाही. ऑस्ट्रेलियाचा गोलकीपर श्वार्झरने दोन अडवल्या, अलोइसीने शेवटची मारली आणि शर्ट काढून धावत सुटला. ३२ वर्षांनी वर्ल्डकप म्हणे. शेजारच्या अनोळखी आजोबांनी ह्यांना अशी मिठी मारली की चष्माच वाकला.

मडगावकर
आमच्यात पोर्तुगाल म्हणजे घरचं कार्य. २०१३, स्वीडन. लिस्बनला रोनाल्डोच्या गोलवर १-०, स्वीडनमध्ये सोल्नाला आधी त्याचाच गोल, मग त्यांच्या झ्लाटानचे लागोपाठ दोन. अजून एक बसला असता तर आमची वाट लागली होती. पाच मिनिटांत रोनाल्डोने बरोबरी केली, लगेच तिसरा पण टाकला. मध्यरात्र उलटून गेलेली, तरी वाड्यावर फटाके.

पुणेकर
फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीचा हात. २००९. डब्लिनला ०-१ हरलेल्या आयर्लंडने पॅरिसला जाऊन रॉबी कीनच्या गोलवर हिशोब बरोबर केला, फ्रान्सपेक्षा भारी खेळले, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ऑन्रीने बॉल हाताने थांबवून गॅलासला दिला. रेफरी सोडून सगळ्या जगाला दिसलं. पुढे २०१५ ला बाहेर आलं की कोर्टकचेरी नको म्हणून फिफाने आयर्लंडच्या असोसिएशनला ५० लाख युरो दिले होते. आता काय बोलणार.

मिलानहून
इटली-स्वीडन २०१७. नको.

पुणेकर
अहो असं कसं, लिहा की

मिलानहून
बरं. तिकडे ०-१, इथे सान सिरोत गोल पाहिजेच होता आणि कोचने बेंचवरून वॉर्मअपला उठवलं कोणाला तर डे रोसीला, बचावाकडच्या मिडफिल्डरला! तो फॉरवर्ड इन्सिन्येकडे बोट दाखवून ओरडतोय, बरोबरी नाही जिंकायचंय आपल्याला. इन्सिन्ये शेवटपर्यंत बेंचवरच. ०-०. १९५८ नंतर पहिल्यांदा वर्ल्डकप नाही. त्याच्या पुढचे प्लेऑफ एका मॅचचे होते, त्यात नॉर्थ मॅसिडोनियाने घरी येऊन हरवलं, त्यामुळे दोन लेग वाईट की एक ते मला विचारू नका.