सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचं 'वाटप' की 'मांडणी'?

महापेहून प्रश्न: ऑफिससाठी मराठीत टिपण लिहितेय. मशीन तीनच आहेत. त्यांवर सगळ्यांचं लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर, मेलसाठी एक्स्चेंज, डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर आणि फाइल सर्व्हर, एवढं सगळं बसवायचंय. कुठलं सॉफ्टवेअर कुठे टाकायचं, हे ठरवण्याला काय म्हणावं? 'भारनियमन' असं एकांनी सुचवलं. मला खटकतंय.

ऐरोलीहून: ताई, भारनियमन नकोच. आपल्याकडे त्याचा अर्थ ठरवून वीज बंद ठेवणं, आणि तो इतका पक्का बसलाय की दुसरा कोणी घेणार नाही.

'भारवाटप' चांगला शब्द आहे, पण तो एकच काम करणारे दोन-तीन सर्व्हर असतील तिथला. येणाऱ्या विनंत्या त्यांच्यात वाटल्या जातात. तुम्हाला ठरवायचंय कोणाशेजारी कोण नांदेल ते. त्याला मी 'मांडणी' म्हणेन. 'वाटप' म्हटलं की सारखे वाटे डोळ्यांपुढे येतात, आणि इथे सारखे वाटे करणं चुकीचंच. एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरी मुळात २१४७४८३६४७ एमबी ठेवलेली असते, म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा. ती आपण कमी केली नाही तर शेजारच्याला मेमरी उरत नाही. एक्स्चेंज डोमेन कंट्रोलरवर चालतं, पण तसं करू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. एकदा बसवलं की त्या मशीनचं डोमेन कंट्रोलरपद काढून घेणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. टिपणात हे ठळक लिहाच.

ठाण्याहून: 'मांडणी'ला माझंही मत. फक्त 'सर्व्हरची मांडणी' लिहू नका, रॅकमध्ये मशीन कुठे लावायचं असा अर्थ निघेल. आपण लोखंडी खोक्यालाही सर्व्हर म्हणतो, त्यातल्या व्हीएमलाही (म्हणजे खोक्यात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनलाही) आणि सॉफ्टवेअरलाही. तिथेच घोळ होतो. 'दोन डोमेन कंट्रोलर ठेवावेत' एवढंच लिहिलं, तर कोणीतरी दोन्ही व्हीएम एकाच खोक्यावर ठेवील. ते खोकं बंद पडलं की दोन्ही गेले. म्हणून खोक्याला सरळ 'यंत्र' म्हणा आणि लिहा: 'दोन डोमेन कंट्रोलर, दोन वेगळ्या यंत्रांवर'.

महापेहून: पटलं. 'यंत्रांवरील सॉफ्टवेअरची मांडणी' असं शीर्षक देते. आणि 'तैनात करणे' की 'बसवणे'?

ऐरोलीहून: बसवणे. तैनात बंदोबस्ताचे पोलीस होतात.