ज्यूरीचा पगार: राज्य कोणतं ते आधी बघा
‘अमेरिकेत ज्यूरीला (म्हणजे कोर्टात खटल्याचा निकाल ठरवायला सामान्य नागरिकांना बोलावतात त्या कामाला) बोलावलं की पगार बुडालाच’ असं बरेच जण म्हणतात, ते सरसकट खरं नाही. केंद्राचा कायदा केंद्रीय कोर्टाच्या ज्यूरीवर गेलेल्यांच्या नोकरीला संरक्षण देतो, खाजगी मालकाने त्या दिवसांचा पगार द्यावाच असं सहसा म्हणत नाही, इथपर्यंत मान्य. पण आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले ३ दिवस मालकानेच नेहमीचा पगार द्यायचा, नेमक्या वेळापत्रकाच्या पार्टटाइमवाल्यांनाही. चौथ्या दिवसापासून राज्य रोज ५० डॉलर देतं. कॅलिफोर्नियात मात्र मालकावर अशी सक्तीच नाही.

एक मुद्दा सहसा कुणी काढत नाही. ओव्हरटाइम न मिळणारे, ठरावीक पगारावरचे लोक (म्हणजे आपले बहुतेक आयटीवाले) त्या आठवड्यात थोडं जरी काम करत असतील, तर केंद्राच्याच नियमाने ज्यूरीच्या दिवसांचा पगार कापता येत नाही. फार तर कोर्टाचं मानधन तेवढं वजा करता येतं. नागरिकत्व मिळाल्यावर मला पहिलं समन्स आलं, तेव्हा मी सोमवारचा अख्खा दिवस कोर्टाच्या हॉलमध्ये डबा घेऊन बसलो, निवड काही झाली नाही, आणि मंगळवारी ऑफिसात हजर. तरी एचआरने सोमवार बिनपगारी टाकला होता! भांडलो नाही. कोर्टाने दिलेलं हजेरीचं सर्टिफिकेट जोडून दोन ओळींची ईमेल टाकली, पुढच्या पे-स्लिपमध्ये पैसे आले. तेव्हा तो कागद घेतल्याशिवाय तिथून निघू नका.