पुनर्विकासाची धूळ आणि आपली छाती : जाणकारांचे अनुभव

मुंबईच्या उपनगरांत एकाच गल्लीत तीन-तीन इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी नियमावली काढली, तरी खिडकीच्या चौकटीवर थर बसतोच. बांधकाम, मोजमाप किंवा वैद्यकीय क्षेत्रातल्यांनी कामाच्या अनुभवातून लिहावं : काय उपयोगी पडतं, काय नाही आणि का.

साइट इंजिनियर, कांदिवली
हिरवी जाळी वरून पडणारे तुकडे अडवते. बारीक धूळ तिच्यातून आरपार जाते, त्यामुळे जाळी लावली म्हणजे काम झालं असं कुणी सांगितलं तर मानू नका. धूळ जिथे उठते तिथेच ती दाबावी लागते. भिंत फोडण्याआधी आणि फोडतानाही पाणी हवं. नंतर मारलेलं पाणी फक्त खाली बसलेल्या धुळीला लागतं. तेही पाइपने बदाबदा ओतलं तर चिखल होतो, डंपरच्या चाकांना लागून रस्त्यावर जातो, दुपारी वाळतो आणि प्रत्येक रिक्षामागे उडतो. बारीक फवारा, दिवसातून अनेकदा, हे बरोबर.

फाटकाशी चाकं धुण्याची जागा असते. तिच्यातला गाळ रोज उपसला नाही तर तीच चिखल पसरवते. डेब्रिज वरच्या मजल्यांवरून बंद नळीतूनच उतरवावं. क्रश सँडवर, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूवर, ताडपत्री हवी, आणि ती चारी बाजूंनी दाबलेली हवी.

सोसायटीने पुनर्विकासाच्या करारात हे मुद्दे लिहून घ्यावेत. काम सुरू झाल्यावर मागून फारसं काही मिळत नाही.

हवा मोजणीचं काम करणारे, पुणे
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवरच्या हवेच्या गुणवत्ता निर्देशांकात धूलिकणांची 24 तासांची सरासरी असते. सकाळी साडेसातला शेजारी पाडकाम चालू असलं तरी तो आकडा लगेच हलत नाही. शिवाय मोजणी केंद्र दोन-तीन किलोमीटर लांब असेल तर तुमच्या गॅलरीबद्दल त्यातून फार कळत नाही.

पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. त्यांच्यासाठी आपलं 24 तासांचं मानक 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं 15. पीएम 2.5 साठ झाला की निर्देशांक 100 होतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची वरची कड. दम्याच्या रुग्णाने त्या शब्दावर विसंबू नये.

घरगुती लेझर सेन्सर घेणाऱ्यांसाठी : पावसाळ्यात आणि दमट पहाटे तो जास्त आकडा दाखवतो, कारण ओलाव्याने कण फुगतात. बांधकामाची जाड धूळ मात्र तो कमी दाखवतो. स्वयंपाकघर आणि उदबत्तीपासून लांब ठेवा. एका आकड्यापेक्षा काम चालू आणि काम बंद यांतला फरक पाहा.

छातीविकार विभागातून
दम्याचे बरेच रुग्ण धाप लागली की आराम देणारा पंप घेतात आणि रोजचा प्रतिबंधक पंप सोडून देतात. हिवाळ्यात त्यामुळेच आजार बळावतो. रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा : पंप हलवा, एकच फवारा सोडा, सावकाश श्वास घ्या, दहा सेकंद रोखा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येते.

पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं साधन, स्वस्त आणि फार कामाचं आहे. तीनदा फुंका, सर्वांत मोठा आकडा लिहा. तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेलात तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध वाढवायचं; 50 टक्क्यांखाली गेलात तर आराम देणारा पंप घेऊन लगेच रुग्णालय.

बारीक कण फुप्फुसातून रक्तापर्यंत पोचतात, म्हणून हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. छातीत दुखलं तर ‘धुळीमुळे असेल’ म्हणून घरी थांबू नका.

एअर प्युरिफायरबद्दल, ठाणे
खोली 12 × 10 फूट, उंची 10 फूट, म्हणजे सुमारे 34 घनमीटर. तासाला पाचदा हवा गाळायची तर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) किमान तासाला 170 घनमीटर हवा. खोक्यावरचा आकडा सर्वांत वेगवान पंख्याचा असतो. रात्री हळू चालवणार असाल तर मोठं यंत्र घ्या. खिडकी उघडी ठेवून चालवण्यात अर्थ नाही.

कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारे, गोवंडी
वर सगळं रहिवाशांचं झालं. सर्वांत जास्त धूळ कटर चालवणाऱ्याच्या नाकाशी असते. ग्रॅनाइट आणि टाइल कोरडी कापली की सिलिका, म्हणजे दगडातल्या स्फटिकाची बारीक धूळ, उडते, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि तो बरा होत नाही. पात्यावर पाण्याची धार असलेलाच कटर वापरायला लावा. घरात फरशी बसवून घेताना तर हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. तोंडावरचा रुमाल निरुपयोगी. नाकाशी घट्ट बसणारा एन-95 ठेकेदाराकडून मागा, नाहीतर स्वतः आणून द्या. सिलिकामुळे क्षयाचाही धोका वाढतो, म्हणून खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.