शर्यतीनंतरचा मसाज : किती जोरात आणि केव्हा?

शर्यत संपताच पोटऱ्या रगडून घ्याव्यात, म्हणजे श्रमाने स्नायूंत तयार झालेले लॅक्टिक ॲसिड निघून जाते, असे नेहमी म्हटले जाते. परंतु धावणे थांबल्यावर रक्तातील लॅक्टेट (म्हणजे याच ॲसिडचे रक्तातील रूप) साधारण तासाभरात आपोआपच पूर्वपदावर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायला लावणारे दुखणे स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा तोच उतरायचा असल्याने ते मांडीच्या पुढच्या भागात विशेष जाणवते, कारण उतारावर हे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. अशा स्नायूंवर त्याच दिवशी कोपराने दाब देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय, मग मालिश करणारा हात कितीही सराईत असो. दोन दिवस हलक्या हाताने, घोट्याकडून वर तेल लावावे. त्याने दुखणे थोडे सुसह्य होते, इतकीच अपेक्षा ठेवावी. शर्यतीपूर्वीचा जोरकस मसाजही तीन-चार दिवस आधीच उरकावा. एकाच पोटरीला सूज आणि उष्णता असेल, तर मात्र तिला हात न लावता डॉक्टरांना दाखवावे, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.