स्की माळ्यावर टाकल्यावर तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

परवा जिना उतरताना लक्षात आलं की प्रत्येक वळणावर मी बाहेरच्या पायावर भार देऊन गुडघा आत दाबतोय. मागून येणारे गृहस्थ काळजीनं म्हणाले, "पाय मुरगळलाय का?" आता त्यांना काय सांगणार! सीझन संपून जेमतेम सहा आठवडे झालेत आणि ही अवस्था.

स्कीइंग हा नादच विचित्र. धावणाऱ्याला रस्ता मिळतो, पोहणाऱ्याला तलाव मिळतो. आपला सगळा डोलारा पाण्याच्या एका अवस्थेवर उभा. पारा शून्याच्या वर सरकला की मैदानच वाहून जातं, ते पुढचे सहा-सात महिने.

म्हणून हा धागा. "दुसरा छंद लावून घ्या" असले सल्ले नकोत. स्वतः काय केलंत, काय फसलं, ते लिहा. आणि नेमकं काय आठवतं तेही लिहा, कारण माझा संशय असा आहे की प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. मला वेग आठवत नाही, डोंगर आठवत नाहीत. आठवतो तो एक आवाज. सकाळी पहिल्या लिफ्टनं वर जायचं, रात्री यंत्रानं रेघा ओढून ठेवलेला कडक उतार समोर, आणि पहिल्याच वळणाला स्कीची कड त्यात रुतते तेव्हाचा तो 'खर्रर्र'. त्याला पर्याय अजून सापडलेला नाही.

*

माझं औषध इस्त्री. हसू नका.

पहिल्या वर्षी शेवटच्या दिवशी ओल्या स्की तशाच पिशवीत कोंबल्या आणि सहा महिने तिकडे फिरकलो नाही. पिशवी उघडली तर कडांवर तांबूस गंज, आणि तळ उन्हात पडलेल्या हाडासारखा पांढुरका. तेव्हापासून सीझन संपला की एक अख्खी संध्याकाळ फक्त स्कींची. आधी पुसून कोरड्या करायच्या. कडांवरचा गंज आणि बारीक खरखर घासून काढायची. मग वॅक्सची वडी इस्त्रीच्या टोकाला टेकवून थेंब थेंब तळावर सोडायचे आणि नाकापासून शेपटीपर्यंत इस्त्री सावकाश फिरवत न्यायची. हात थांबवायचा नाही, थांबला की तळ भाजतो. धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली आहे असं समजायचं. वॅक्स कडांवरही ओघळू द्यायचं, म्हणजे हवा आणि ओल लागत नाही. एरवी गार झाल्यावर आपण ते खरवडून काढतो. या वेळी मात्र तो जाड थर तसाच ठेवायचा, थेट पुढच्या सीझनपर्यंत.

यात माझं काय शमतं, तर तळावरून हात फिरवताना एकेक ओरखडा ओळखीचा निघतो. हा झाडीतल्या दगडाचा. हा मार्चमध्ये लिफ्टखाली बर्फ विरळ झाला होता तिथला. तासाभराचं काम मी तीन तास पुरवतो.

एकच सांगतो, कपड्यांची इस्त्री वापरू नका. मी वापरली होती. पुढचा आठवडाभर घरातल्या प्रत्येक शर्टाच्या पाठीवर एक तेलकट त्रिकोण होता, आणि त्यावर घरात जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

*

इस्त्रीवाले दादा, बूट विसरलात! आतलं अस्तर बाहेर काढून नीट वाळवा, नाहीतर हिवाळ्यात बूट उघडताना डोळ्यांत पाणी येईल, आणि ते आनंदाचं नसेल. वाळले की अस्तर परत घालून बकलं सैलसर लावून ठेवा. उघडे टाकले तर प्लॅस्टिकचं कवच फाकतं आणि पुढच्या वर्षी पाय घालताना मारामारी.

बाइंडिंगची (बूट स्कीला पकडून ठेवणारा आणि पडताना सोडणारा खटका) स्प्रिंग सैल करून ठेवावी की नाही यावर दोन तट आहेत. मी करत नाही. करणार असाल तर आधी आकडा लिहून ठेवा आणि सीझनआधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. माझी मैत्रीण परत घट्ट करायला विसरली. पहिल्या वळणाला स्की एकीकडे, बाई दुसरीकडे.

*

मला आठवतात मांड्या. शेवटच्या फेरीला पेटलेल्या, थरथरणाऱ्या मांड्या. त्या दुखण्याचीच ओढ लागते.

आधी माझा समज होता की वर्षभर सायकल मारली की झालं. दम भरपूर होता, पण तिसऱ्या दिवशी पायच उचलेनात. पुढे गुडघ्याचा पुढचा लिगामेंट फाटला (आपल्या खेळातली नेहमीची दुखापत) आणि फिजिओथेरपिस्टनं गणित समजावलं. स्कीइंगमध्ये मांडीचा पुढचा स्नायू नुसता जोर लावत नाही. तो लांबत असताना भार पेलतो, सतत ब्रेक दाबून धरल्यासारखा. सायकलवर ते जवळजवळ घडतच नाही. जिना चढताना नाही, उतरताना घडतं. त्यामुळे आता डोंगरावर जाते ती उतरण्यासाठी. लोक शिखरावर फोटो काढतात, माझं काम तिथून पुढे सुरू होतं. जोडीला एका पायावरच्या बैठका, आणि डावीकडून उजवीकडे एका पायावर उड्या. उडी किती लांब गेली ते बघायचं नाही. खाली टेकताना गुडघा आत कोसळतोय का, एवढंच बघायचं.

आणि एक खेळ सांगते. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ क्लामरनं डाउनहिल (उतारावरची सर्वात वेगवान शर्यत) जिंकली ती १ मिनिट ४५.७३ सेकंदांत. पिवळा पोशाख, सगळीकडून तोल जातोय असं वाटणारा तो अंगावर काटा आणणारा उतार, आणि शेवटी दुसऱ्या आलेल्या बर्नहार्ड रुसीपेक्षा फक्त ०.३३ सेकंद कमी. ती शर्यत लावायची, भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीत बसायचं, आणि तो खाली पोचेपर्यंत उठायचं नाही. मे महिन्यात मी अर्ध्यात कोसळते. ऑक्टोबरपर्यंत त्याच्याबरोबर पोचते.

*

अदृश्य खुर्ची आजच करून पाहिली. ताई, क्लामर पोचला. मी अजून जमिनीवर आहे.

*

माझा प्रयोग इनलाइन स्केट्सचा, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या बुटांचा. कुणीतरी सांगितलं होतं की वळणाची लय हुबेहूब तीच. सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. शरीराचा वरचा भाग उताराकडे ठेवून खालून पाय फिरवायचे, बाहेरच्या पायावर दाब वाढवत न्यायचा, नजर पायाशी नाही तर पुढच्या वळणावर. हे सगळं सपाट डांबरावर इतकं छान जमलं की डोक्यात हवा गेली, आणि मी एक बेताचा उतार शोधला.

त्यानं सांगितलं नव्हतं ते असं. स्कीवर वेग वाढला की आपण विचार न करता दोन्ही स्की आडव्या टाकतो, कडा घसटत जातात आणि थांबतो. माझ्या पायांनीही विचार न करता तेच केलं. चाकं आडवी घसरत नाहीत. पाय थांबले, मी नाही. पुढे करवंदीसारखी काटेरी झुडपं होती म्हणून डांबराऐवजी काट्यांवर निभावलं. घरी सौ. चिमट्यानं एकेक काटा काढत होती आणि प्रत्येक काट्याला "अजून एक वळण?" विचारत होती.

सोडलं नाही. टाचेचा ब्रेक आधी शिकलो, मनगटाची आणि गुडघ्याची कवचं घेतली. रोलर स्कीच्या, म्हणजे क्रॉसकंट्रीवाले (सपाटीवर लांब पल्ल्याचं स्कीइंग करणारे) उन्हाळ्यात सरावाला वापरतात त्या चाकांच्या स्कीच्या, वाटेला मात्र जाणार नाही. बऱ्याच रोलर स्कींना ब्रेकच नसतो म्हणे. क्रॉसकंट्रीवाले थोर.

*

मी काहीच करत नाही. एप्रिलमध्ये सगळं बंद करतो आणि नोव्हेंबरपर्यंत स्कीचं नाव काढत नाही. वर्षभर मिळालं असतं तर पहिल्या बर्फाच्या आदल्या रात्री मला झोप लागली असती. ती लागत नाही, हेच बरं आहे.

*

या दादांना मानलं, पण माझ्यात तेवढा संयम नाही. मी छपराखालचा बर्फ आणि प्लॅस्टिकचा उतार, दोन्ही करून बसलोय.

दुबईचा तो मॉलमधला, २००५ साली सुरू झालेला उतार पाहिला. बर्फ खरा आहे, थंडीही खरी. पण सगळ्यात लांब फेरी ४०० मीटरची. वेग धरेपर्यंत खालची भिंत दिसते, आणि वर जायला खाली येण्यापेक्षा जास्त वेळ. तरी खोटं का बोलू, पहिल्या फेरीला घसा दाटून आला होता. दहाव्या फेरीला कंटाळा.

प्लॅस्टिकचा अनुभव वेगळा. कोपनहेगनमध्ये कचरा जाळून वीज आणि उष्णता तयार करणाऱ्या प्रकल्पाच्या छपरावर असा उतार आहे, २०१९ पासून. ब्रशसारख्या चटईवर घर्षण जास्त, त्यामुळे आळशी वळण चालत नाही. कड नीट लावली तरच स्की फिरते. शिक्षक म्हणून प्लॅस्टिक कडक आहे. पडलात तर मात्र कातडी सोलवटते, आणि जाळीदार चटई असेल तर भोकात अंगठा अडकून मोडू शकतो. कितीही उकडत असलं तरी हातमोजे घाला आणि पडताना मूठ मिटा.

*

आम्ही दोघं एकदा जुलैत हिमनदीवर गेलो होतो. ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स आणि स्वित्झर्लंडमधलं झेरमाट इथे उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं हे वाचून वर्षानुवर्षं पैसे साठवले होते.

पहाटे उठायचं. सातच्या सुमारास बर्फ काचेसारखा कडक, नऊ ते साडेदहा स्वर्ग, अकरानंतर खिचडी. दुपारी बूट काढून ऊन खात बसायचं. आजूबाजूला सगळे शर्यतीवाले पोरंपोरी, दारं (वळणं दाखवणारे खांब) रोवून सराव करणारे. त्यांच्यात आम्ही दोघं पन्नाशीचे.

मजा आली का? आली. पण वर जाताना केबलकारमधून खाली उघडी पडलेली राखाडी हिमनदी दिसते, आणि उतारावर जागोजागी बर्फ वितळू नये म्हणून घातलेली पांढरी कापडं. आजारी माणसाच्या खोलीत मोठ्यानं हसल्यासारखं वाटलं. २०२२ च्या उन्हाळ्यात झेरमाटलासुद्धा बर्फाअभावी उन्हाळी स्कीइंग काही काळ थांबवावं लागलं, तेव्हा तेच चित्र डोळ्यांसमोर आलं. पुन्हा गेलो नाही.

आता डोळा चिलीवर आहे. आपला सीझन बंद असतो तेव्हा तिथे खराखुरा हिवाळा असतो. तिथल्या पोर्तियोला १९६६ ची स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्टमध्ये झाली होती! विमानभाड्याकडे बघून अजून तरी नकाशावरच बोट फिरवतो.

*

शर्यतीच्या सुरुवातीला स्पर्धक डोळे मिटून हातानं वळणं घेताना दिसतात ना, अख्खा मार्ग मनात उतरून बघतात? मी रात्री झोपताना तेच करते. नेहमीचा एकच उतार. चेअरलिफ्टवरून उतरायचं, डावीकडे वळायचं, तिसऱ्या खांबापाशी जमीन अचानक खाली जाते तिथे गुडघे सैल. घाई केली तर मनातसुद्धा पडते, खरंच. अर्ध्या उतारापर्यंत झोप लागते. या वर्षी तळाला एकदाही पोचलेले नाही.

*

मूळ धागा काढणाऱ्या दादांसाठी: तो 'खर्रर्र' मला सापडलाय. जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर साचतो ना, तो थोडा कडक असतानाच लाकडी उलथन्यानं तिरका, एका दमात खरवडायचा. धातूचं काही वापरू नका, आतली नळी फुटेल. डोळे मिटून ऐका. मी महिन्यातून एकदा करते आणि घरचे समजतात मला स्वच्छतेची फार आवड.

*

ताई, आत्ता उठून बघून आलो. आमचा फ्रीज बर्फ साचूच देत नाही. शेजारच्या आजींचा जुना आहे. उद्या साखर मागायच्या निमित्तानं जातो.