सिमलिंकचा उपाय नको
लिनक्सवर जुना प्रोग्राम चालवताना लिबएसएसएल 1.1 (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात ती कोडची फाइल) सापडत नसेल तर आवृत्ती 3 च्या फाइललाच त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) द्या, असं एकाने सुचवलंय. कृपया तसं करू नका. नावातला आकडा बदलतो तो आतली रचना बदलल्यामुळेच. नाव सापडलं तरी प्रोग्राम 1.1 ची सिम्बॉल्स (लायब्ररीतल्या फंक्शन्सची नावं) मागतो आणि तिथेच अडतो.

आधी त्या प्रोग्रामवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणारी कमांड) चालवा, 'नॉट फाउंड'च्या ओळी मोजा. एकदोनच असतील तर जुन्या लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) फक्त तो प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये द्या. बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना दरवेळी चालणाऱ्या फाइलमध्ये) अजिबात नको, बाकीचे प्रोग्रामही त्याच उचलतील. यादी लांबली तर सरळ डिस्ट्रोबॉक्समध्ये (आपल्या लिनक्समध्येच दुसरं लिनक्स कंटेनरमध्ये चालवणारं साधन) उबुंटू 20.04 घ्या, त्यात 1.1 आहेच. मात्र ओपनएसएसएल प्रकल्पाने 1.1.1 चा सर्वसाधारण सपोर्ट (म्हणजे सगळ्यांसाठीच्या सुरक्षा दुरुस्त्याही) सप्टेंबर 2023 मध्ये थांबवलाय, त्यामुळे नेटवर्कशी बोलणारा प्रोग्राम असेल तर जपून.